कांस्यनाथांची चिकटणारी थाळी

दर गुरुवारी सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या टॉवेलच्या कारखान्यात उघड्या पाठींची रांग लागायची. माणसं शर्ट काढून, गुडघ्यांना मिठी मारून, माना खाली घालून ओळीनं बसलेली. कुणाला पिंढरीला कुत्रं चावलेलं, कुणाला हाताला, एकाला तर भलत्याच जागी. तो बिचारा बसूच शकत नव्हता, म्हणून त्याला भिंतीला धरून ओणवा उभा केला होता. बायकांची सोय पडद्यामागं. बाहेर चपलांचा ढीग, रिक्षांची दाटी, नारळाचा गाडा, भज्यांचा गाडा. चमत्कार म्हटला की भजी आलीच.

आणि चमत्कार होत होता, हे डोळ्यांना दिसत होतं. कांस्यनाथ महाराज ओल्या अंगाऱ्यानं एकेकाची पाठ पुसायचे, काशाची थाळी तिच्यावर टेकवायचे, तळहातानं गच्च दाबायचे आणि हात काढून घ्यायचे. थाळी पडायची नाही! दोरी नाही, डिंक नाही, कुणी धरलेली नाही, तरी थाळी आपली पाठीला गोचिडासारखी घट्ट. बघणाऱ्यांच्या तोंडून "अगगगग!" असा आवाज निघायचा आणि महाराजांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"बघा, विष ओढायला लागली माउली! डॉक्टर लोक म्हणतात व्हायरस, व्हायरस. अरे, शब्द कुणाचा? आपला! विष अधिक रस, विषरस! इंग्रजांनी तो पळवला आणि तोंड वाकडं करून आपल्यालाच परत विकला. काशात काय असतं? तांबं आणि कथील. तांबं म्हणजे सूर्य, कथील म्हणजे चंद्र. दोघं मिळून विषाला ग्रहण लावतात. कळलं का?"

"नाही महाराज," पुढचा एक जण प्रामाणिकपणे म्हणाला.

"नाही कळलं म्हणजेच श्रद्धा बसली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग महाराज थाळीवर चिमूटचिमूट वाळू फेकायचे, टण्ण टण्ण आवाज व्हायचा, आणि शेवटी हुकूम सुटायचा, "आता ताठ बसा, छाती फुटेस्तोवर श्वास घ्या आणि गुरूच्या नावानं आरोळी ठोका!" माणूस ताठ व्हायचा, "जय कांस्यनाथ!" म्हणून ओरडायचा, आणि थाळी खण्णकन खाली. विष उतरलं. पुढचा या.

हे सगळं दारात उभी राहून, हातात हेल्मेट घेऊन, डॉ. चेतना करकंबकर बघत होती. ती जनावरांची डॉक्टर. होटगी रोडला तिचं क्लिनिक. ती इथं कुणाची विटंबना करायला आली नव्हती, स्वतःच्या सासऱ्यांना शोधत आली होती. ते सकाळी "सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला जातो" असं सांगून निघाले होते आणि शेजाऱ्यांनी त्यांना अक्कलकोट रोडच्या रिक्षात बसताना पाहिलं होतं. आता रांगेतल्या एका पाठीवर तिची नजर खिळली. गोरी, हडकुळी पाठ, आणि जानव्याला अडकवलेली कपाटाची किल्ली. सबंध सोलापुरात अशी किल्ली एकच माणूस बाळगत होता.

"अप्पा!"

"श्श! ताई, थाळी लागलीय, बोलायचं नाही," महाराजांचा शिष्य सिद्धाराम धावत आला.

गोपाळराव करकंबकर, एका शाळेतले निवृत्त हेडक्लार्क, मान वर करू शकत नव्हते. जमिनीकडे बघतच ते म्हणाले, "चेतना, तू क्लिनिक सोडून इथं काय करायलीस?"

"तुम्ही दवाखान्यात निघाला होता ना?"

"वाटेत जरा थांबलो."

एवढ्यात त्यांच्या मांडीजवळची कापडी पिशवी हलली. आत साहेब होता. साहेब म्हणजे गल्लीतलं दोन महिन्यांचं काळं पिल्लू. जन्मभर साहेबांचं ऐकण्यात गेलेल्या अप्पांनी त्याचं नाव मुद्दाम साहेब ठेवलं होतं आणि रोज सकाळी बिस्किट दाखवून ते त्याला "साहेब, बस! साहेब, गप!" असं सुनवायचे. त्यातलं सुख ज्यानं हेडक्लार्की केली त्यालाच कळेल. सोमवारी बिस्किट देताना याच साहेबानं अप्पांच्या मनगटाचा चावा घेतला होता. रक्त आलं होतं. चेतनानं तिथल्या तिथं नळाखाली साबणानं भरपूर वेळ जखम धुतली आणि सांगितलं, "अप्पा, आजच लस घ्यायची." अप्पा "हो हो" म्हणाले होते.

आणि आता थाळी पडल्यावर ते पिशवी उघडून महाराजांना सांगत होते, "यालाही जरा आशीर्वाद द्या. लेकरू आहे, चुकून चावलं."

महाराजांनी मोठ्या करुणेनं पिशवीत हात घातला आणि "आयाया गं!" करून बाहेर काढला. बोटातून रक्त येत होतं. गर्दी दचकली. पण महाराज मुरलेले. त्यांनी बोट उपरण्यात गुंडाळलं आणि हसून म्हणाले, "प्रसाद घेतला त्यानं आमचा. आमच्यावर विष चढत नसतं. सिद्धाराम, पुढचा घे... आणि जरा लवकर आटप."

अप्पा घरी आले ते पथ्याची पोतडी घेऊनच. वांगं नाही, आंबट नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सात विहिरींत डोकावून यायचं. जुन्या काळी कुत्रं चावलं की असं करायचे म्हणे. आता सोलापूर शहरात सात विहिरी आणायच्या कुठून? होत्या त्या बुजल्या, त्यांच्यावर इमारती झाल्या. महाराजांनी त्यावरही तोड काढली होती. विहीर नसेल तर पाण्याची टाकी चालेल. आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं घरटी एक टाकी असतेच. झालं! अप्पा धोतर खोचून शेजाऱ्यांच्या गच्च्या चढायला लागले आणि टाक्यांची झाकणं उघडून आत बघायला लागले.

दुसऱ्या टाकीलाच गल्लीत बातमी पसरली की पाणीपुरवठ्याची तपासणी निघालीय. तिसऱ्या टाकीला चार बायका तक्रारी घेऊन उभ्या राहिल्या. समोरच्या पार्वतम्मा तर चहा घेऊनच वर आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, आमच्याकडं प्रेशरच येत नाही बघा. जरा वर कळवा की." अप्पांमधला हेडक्लार्क जागा झाला. "कळवतो," असं गंभीरपणे म्हणून त्यांनी चहा घेतला आणि चौथ्या टाकीकडे गेले.

घरात मात्र चेतनाची झोप उडाली होती. दिवसभर क्लिनिकात तिचं हेच चाललेलं असायचं. हल्ली कुत्री पाळण्याची हौस काय वाढलीय! नवी पेठेतल्या एका सराफांनी आपल्या पग जातीच्या कुत्र्याला जरीची शेरवानी शिवली होती, वाढदिवसाला हाडाच्या आकाराचा केक कापला होता. त्यांना चेतना म्हणाली, "रेबीजची लस राहिलीय," तर सराफ म्हणाले, "आमचा बाळ घराबाहेर जात नाही हो." शेरवानीला पैसा आहे, फोटोग्राफरला आहे, लशीला म्हटलं की बाळ घराबाहेर जात नाही! असल्या लोकांना ती रोज तोंड द्यायची, आणि आता तिच्याच घरात, तिच्याच सासऱ्यांनी तिला तोंडघशी पाडलं होतं.

"अप्पा, उद्या चला."

"उद्या शनिवार. लोखंडाची वस्तू शनिवारी अंगाला लावू नये."

"मग रविवारी."

"रविवारी मोठे डॉक्टर नसतात."

"सोमवारी?"

"सोमवारी माझा उपास. उपाशीपोटी इंजेक्शन चढतं."

नवऱ्याला, आशिषला, तिनं मध्ये घातलं. आशिष बँकेत भल्याभल्यांकडून कर्ज वसूल करायचा, पण वडिलांसमोर त्याचं मांजर व्हायचं. "अप्पा, ती काय म्हणते ते बघा ना," एवढं म्हणून तो मोबाइलमध्ये शिरला. चेतनाची आग आग झाली. पण सासऱ्याला उचलून नेण्याची सोय आपल्या कुटुंबपद्धतीत अजून झालेली नाही.

मंगळवारी साहेबानं बिस्किट खाल्लं नाही. बुधवारी सकाळी त्याचा खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, भुंकायला गेला तर घोगरा, चिरका आवाज निघत होता. पाण्याची वाटी पुढं ठेवली तर तोंड घालायचा, पण घोट गिळता येईना. चेतनानं हातमोजे चढवून त्याला पिंजऱ्यात वेगळं ठेवलं. तिनं पुस्तकात वाचलेलं आणि कामात पाहिलेलं सगळं तिच्या पुढ्यात उभं होतं. संध्याकाळी साहेब मेला. नमुना प्रयोगशाळेत रवाना झाला, पण तिला उत्तराची गरजच नव्हती. ती क्लिनिकातल्या स्टुलावर बसली. आपले अप्पा मरणार, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आला.

घरी येऊन तिनं सासऱ्यांसमोर बसून सांगितलं, "अप्पा, साहेब गेला. मला पिसाळल्याचाच संशय आहे. हा रोग एकदा अंगात फुटला की जगातला कुठलाही डॉक्टर माणसाला वाचवू शकत नाही. फुटायच्या आधी लस मिळाली तर माणूस वाचतो. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. पाया पडते, चला."

साहेब गेला हे ऐकून अप्पांचे डोळे भरले. पण मान हललीच नाही. "माझं विष उतरलंय. थाळी पडलेली तू स्वतः पाहिलीस."

"अहो, ती कुणाच्याही पाठीला चिकटते आणि कुणाचीही पडते!"

"कुणाच्याही नाही. विष असेल तरच."

"खरं सांगा अप्पा, तुम्हाला सुईची भीती वाटते ना?"

अप्पा लहान मुलासारखे म्हणाले, "आमच्या मामाला बेंबीभोवती चौदा दिली होती गं. चार माणसांनी धरलं होतं त्याला. त्याचं ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे."

"तो जमाना गेला. आता दंडात देतात, आणि चार-पाचच. पहिल्या दिवशी फक्त जखमेजवळ एक जास्तीचं."

"दंड काय नि बेंबी काय, सुई ती सुई."

चेतनानं डोळे पुसले आणि शेवटचा डाव टाकला. "ठीक आहे. उद्या गुरुवार. मी तुमच्याबरोबर महाराजांकडे येते. कुत्रं न चावलेल्या माणसाला थाळी चिकटली नाही, तर मी लशीचं नाव काढणार नाही. चिकटली, तर तिथूनच थेट दवाखान्यात. कबूल?"

हेडक्लार्कांना अटी-शर्ती नेहमीच आवडत. "कबूल," अप्पा म्हणाले.

आता न चावलेला माणूस हवा होता. सकाळी क्लिनिक उघडताच दारात येडू मेंढपाळ हजर. दक्षिणेकडच्या माळावर त्याची मेंढरं असायची. आपल्या राखणीच्या कुत्र्याला तो दर वर्षी आठवणीनं लस टोचून न्यायचा. चेतनानं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "येशील का? कुत्रं चावलंय असं सांगायचं."

येडूनं आपल्या कुत्र्याकडं बघितलं. "सांगतो की. पर ह्याला भाईर ठिवा. ह्येनं ऐकलं तर त्याला वाईट वाटंल."

कारखान्याच्या शेडमध्ये तीच गर्दी, तीच भजी. फक्त महाराजांच्या बोटाला आज पांढरी पट्टी होती. येडूनं पिंढरीवरचं बरं होत आलेलं खरचटं दाखवलं. महाराजांनी डोळे मिटले. "काळं कुत्रं. डाव्या अंगानं आलं. बरोबर?"

"व्हय महाराज."

"शेपूट खाली होतं."

"म्या शेपटाकडं न्हाय बघितलं, पर असंल."

अंगारा पुसला, थाळी दाबली, हात काढला. चिकटली! अप्पांनी चेतनाकडे तिरका कटाक्ष टाकला. महाराजांनी विषाची तीव्रता वर्णायला सुरुवात केली. विष मांडीत होतं, कमरेत आलं, आता पाठीत आलं. वाळू झाली. आरोळी झाली. थाळी खण्णकन पडली.

"येडू," चेतना पुढं होऊन मोठ्यानं म्हणाली, "ह्या लोकांना सांग. तुला कुठलं कुत्रं चावलं?"

"कुत्रं कशाला चावंल? बोरीचा काटा हाय त्यो."

अप्पांचा चेहरा उतरला. पण महाराज! त्यांनी एक सेकंदसुद्धा वाया घालवला नाही. "काटा! अरे, पण त्या बोरीवर तंगडी कुणी वर केली होती? पिसाळलेल्या कुत्र्यानं! माझी थाळी कुत्रं बघत नाही, विष बघते! वाचलास रे बाबा, थोडक्यात वाचलास!"

"वाऽऽ!" गर्दी म्हणाली. अप्पांच्या तोंडावर पुन्हा रंग आला. येडू स्वतःची पिंढरी संशयानं चाचपायला लागला.

चेतनाला रडावं की हसावं कळेना. तिनं पिशवीतून घरच्या स्वयंपाकघरातली स्टीलची पातळ ताटली काढली आणि पाण्याची बाटली. "महाराज, आता तुमचा अंगारा नको, मंत्र नको, काशाचे चंद्र-सूर्य नकोत. अप्पा, नीट बघा." तिनं येडूला पुन्हा वाकून बसवलं, पाठीवर साधं पाणी शिंपडलं, ताटली दाबली, हात काढला. चिकटली. "पाठ वाकवली की कातडी ताणून गुळगुळीत होते. मध्ये पाण्याचा पातळ थर. दाबलं की आतली हवा निघून जाते, आणि बाहेरची हवा ताटलीला दाबून धरते. भांडी घासल्यावर दोन ओल्या ताटल्या एकीवर एक चिकटून बसतात की नाही? त्यांना कोण चावलेलं असतं?"

पडद्यामागून बायका फिदीफिदी हसल्या.

"आणि का पडते, तेही बघा. येडू, ताठ बस आणि मोठा श्वास घे. मंत्र म्हणू नकोस."

"मग काय म्हनू?"

"काहीही म्हण."

"तानाबाई, भाकरी वाऽऽढ!" येडूनं बायकोच्या नावानं आरोळी ठोकली. ताटली खळ्ळकन पडली.

"ताठ झालं की कातडीला घड्या पडतात, श्वासानं बरगड्या फुगतात, फटीतून हवा आत शिरते, ताटली पडते. विष कुठं गेलं? होतंच कुठं?"

आता पोरंसोरं पुढं सरसावली. कुणी बाहेरून चहाच्या बशा आणल्या, कुणी भजीवाल्याच्या ताटल्या पळवल्या. बघता बघता शेडभर माणसं वाकून बसली आणि एकमेकांच्या पाठींना भांडी लावू लागली. रिक्षावाल्याला चिकटली, नारळवाल्याला चिकटली, बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराला वर्दी काढायची नव्हती म्हणून तो नुसता हळहळत बघत बसला. भजीवाला ओरडत होता, "अरे, माझ्या ताटल्या धुऊन द्या रे!"

"बघा!" महाराज दोन्ही हात उंचावून गरजले. "बघा माझ्या शक्तीचा प्रसार! आता साध्या स्टीललासुद्धा गुण आला! एक डॉक्टर माझी थाळी पळवायला आली आणि माझीच सेवा करून गेली!"

"जय कांस्यनाथ!" गर्दी म्हणाली.

चेतनानं कपाळावर हात मारला. युक्ती उघडी पडली होती, तरी माणसं तिथंच होती. तिनं अप्पांकडे पाहिलं. त्यांची नजर महाराजांवरून तिच्यावर आणि तिच्यावरून महाराजांवर जात होती. आता तिला ना वादात रस उरला होता ना जिंकण्यात. तिला फक्त माणसं मरायला नको होती. अगदी महाराजसुद्धा.

"महाराज," ती आवाज उतरवून, मनापासून म्हणाली, "गेल्या गुरुवारी तुमच्या बोटाला चावलेलं ते पिल्लू काल मेलं. जबडा लोंबत होता, पाणी गिळता येत नव्हतं. बहुतेक पिसाळलेलंच होतं. तुम्हीसुद्धा आजच्या आज..."

तिला वाक्य पुरं करता आलं नाही. सबंध शेडमधून हंबरडा उठला. "महाराजांना पिसाळलेलं चावलं!" "आमचे महाराज!" "अरे, बघत काय बसलाय? थाळी आणा!" भक्तच ते! ज्यांनी आपल्याला वाचवलं त्यांना वाचवायला नको? दोघातिघांनी महाराजांना उचलून पाटावर बसवलं, कुणी कफनी ओढली, कुणी मान खाली दाबली, कुणी अंगाऱ्याची अख्खी बादली पाठीवर उपडी केली. सिद्धारामनं, डोळ्यांत पाणी आणून, सगळ्यांत मोठी थाळी दाणकन पाठीवर हाणली.

"अरे सोडा! मेलो! सोडा!"

"विष बोलतंय!" एक म्हातारा ओरडला. "आणखी एक थाळी लावा!"

दुसरी थाळी बसली. तिसरी कुणीतरी डोक्यावर आणली. आणि कांस्यनाथ महाराज, सूर्य-चंद्र, विषरस आणि ग्रहण सगळं विसरून, जीव खाऊन किंचाळले, "अरे मूर्खांनो, सोडा! मला काही होत नाही! मी इंजेक्शनं घेतलीत! दोन झालीत, तिसरं आज दुपारी आहे!"

चौथी थाळी घेऊन येणारा जागीच थांबला.

सिद्धाराम हळूच म्हणाला, "म्हणजे... त्या दिवशी तुम्ही समाधीला बसतो म्हणून गेलात, ते..."

पाठीवर दोन थाळ्या घेऊन महाराज पाटावर बसून राहिले. पूर्वी हेच गृहस्थ अमृत या नावानं नवी पेठेत जुन्या कपड्यांवर भांडी विकायचे, असं गर्दीतल्या एका बाईला आत्ता आठवलं, आणि तिनं ते आठवल्याबरोबर सगळ्यांना सांगितलं. तिच्या पातेल्याला महिन्यात भोक पडलं होतं.

मग अप्पा उठले. गर्दीतून वाट काढत ते महाराजांसमोर जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी अगदी खासगी आवाजात विचारलं, "खरं सांगा हो. फार दुखतं का?"

महाराजांनी मान वर केली. "नाही हो अप्पा," ते केविलवाणे म्हणाले. "मुंगी चावल्यागत. जखमेजवळ देतात ते जरा झोंबतं, बाकी काही नाही."

त्या शेडमध्ये महाराजांनी मार न खाता उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य. अप्पांनी शर्ट घातला, बटणं लावली आणि सुनेला म्हणाले, "चल."

त्यांच्या मागून उघड्या पाठींची ती सबंध रांग शर्ट चढवत बाहेर पडली. रिक्षावाल्यांनी लगोलग "दवाखाना, दवाखाना" असा पुकारा सुरू केला. कुत्रं चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे चेतनानं हवालदाराला सांगितलं. हवालदारानं महाराजांना कफनी घालायला सांगितली. "हवालदारसाहेब, तेवढं तिसरं इंजेक्शन आटपून मग ठाण्यात येऊ का?" महाराजांनी विचारलं. हवालदारानं परवानगी दिली, आणि स्वतः बरोबर गेला.

दवाखान्यात नर्सबाईंनी दंडाला कापूस लावला तेव्हा अप्पांनी डोळे मिटून चेतनाचा हात घट्ट धरला. "झालं," नर्सबाई म्हणाल्या. "काय झालं?" अप्पांनी विचारलं. टोचलेलं त्यांना कळलंच नव्हतं. जखमेजवळच्या इंजेक्शनाला मात्र त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला, ते सोडा. चेतना बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि पदरानं तोंड झाकून भरपूर रडली.

अप्पा तिसरा डोस घेऊन आले त्याच दिवशी प्रयोगशाळेचा फोन आला. चेतनानं तो बैठकीतच, अप्पांसमोर घेतला. साहेबाला रेबीज होता. खात्रीनं.

अप्पा जेवायला बसले होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. "म्हणजे मी त्या थाळीवर विसंबून राहिलो असतो तर..."

"हो अप्पा."

"मेलो असतो."

"हो."

तिनं ते जराही मऊ केलं नाही. अप्पांनी एकदम दचकून वर पाहिलं. "अगं, आणि बाकीचे? आजवर दर गुरुवारी थाळी पडली म्हणून खुशीत घरी गेलेले? त्यांना कुणी सांगितलं?"

अप्पांनी हात धुतला, टोपी घातली. "स्कूटर काढ," ते म्हणाले. दोघं उन्हात निघाले. त्या शेडच्या आसपासच्या वस्तीत घरोघरी कड्या वाजवून अप्पा विचारत होते, "तुमच्याकडे कुणाला कुत्रं चावलं होतं का हो?" काही सापडले, दवाखान्यात गेले. काही कामासाठी दुसऱ्या गावी निघून गेले होते, त्यांचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता.

ते कुठं आहेत, मलाही ठाऊक नाही. म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो. कुत्रं चावलं, मांजरानं ओरबाडलं, पिल्लू असो नाहीतर लाडकं पाळलेलं असो, जखम साबणानं आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. तुमच्या शेजारी, तुमच्या कारखान्यात, तुमच्या नात्यात कुणी थाळी पडली म्हणून निर्धास्त बसला असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याला आजच दवाखान्यात घेऊन जा. उद्या तो ऐकायला असेल की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.